रुख्माबाईंचा भरवसा

आमच्या किनवटच्या वसतिगृहात अंडी उकडण्याआधी त्यांची झडती होते. स्वयंपाकीण रुख्माबाई एकेक अंडं पाण्यात सोडतात आणि तरंगलेलं दुकानदाराला परत नेऊन देतात. बुडालेल्यांवरही त्यांचा फारसा विश्वास नसतोच. "कायतरी गोम हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी तिथली अधीक्षिका. पण मी बदलून आले तेव्हा, "आधीच्या म्याडमला का काढलं?" ही चौकशी त्यांनी माझ्याकडेच केली होती.

त्यांची मुलगी कविता हिला लहानपणापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं दुखायला लागली की पोरगी रडून रडून निपचित पडायची. रुख्माबाईंचा संशय जावेवर. "दिवसात असताना तिनंच मला कायतरी चारलं." तेव्हापासून जावेशी बोलणं बंद, ते आजतागायत.

लग्नानंतर कविताला दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, या आजारात बाळ लवकर येऊ शकतं, वजनाला कमी भरू शकतं, बाळंतपण नांदेडलाच करा. "नांदेडच का? गोम हाय!" असं म्हणत रुख्माबाईच सगळ्यांच्या आधी गाडीत बसल्या. सोबतीला मीही गेले.

बाळ खरंच लवकर आलं, एवढंसं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. पोर बदलतील म्हणून रुख्माबाईंनी दारातच ठाण मांडलं.

"पायात काळा दोरा बांधू द्या, वळखायला."

नर्सनं बाळाच्या पायातली नावाची पट्टी दाखवली.

"पट्टी काय, कुनीबी बांधतंय!"

मला हसू येत होतं आणि पोर जगतंय की नाही ही धास्तीही होती.

बाळ सावरलं. नर्स म्हणाली, "मावशी, बाळाच्या वडिलांच्या रक्तात दोष नाही. बाळाला हा आजार होणार नाही."

"मंग माझ्या कवितीला कुटून आला?"

"आई-बाप दोघांकडून येतो. तुम्हाला त्रास नसला तरी रक्तात असतो."

 कविता तापानं फणफणलेली, म्हणून नर्स बाळाला उबेसाठी आजीच्या छातीशी द्यायला आली. रुख्माबाई मागं सरकल्या.

"नगं. माझं अंग लागू दिवू नका त्येला."

शिवल्यानं काही होत नाही, असं समजावत नर्सनं बाळ त्यांच्या पदराआड ठेवलं. रुख्माबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"म्याडम, कवितीला हे कळू दिवू नका. मायनंच दिलं म्हनंल."

मी बरं म्हटलं. कविताला हे सगळं कॉलेजात असतानाच तपासणी शिबिरात कळलं होतं. तेव्हा तीही माझ्याकडे आली होती, आईला सांगू नका म्हणायला.