सरांचा कंट्रोल ग्रुप

तुम्ही ‘बरं वाटतंय’ म्हणाल्यावर ‘दहापैकी किती?’ असं तुम्हाला शेवटचं कुणी विचारलं?

मला रोज विचारलं जातं. आमच्या समोरच्या दारात मल्लेशम सर राहतात. मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ऊन, भाकरी, शेजाऱ्याचा रेडिओ, सगळ्याला ते दहापैकी गुण देतात. एकदा मी सहज म्हणाले, “आल्याच्या चहानं सर्दी गेली.” लगेच बोट वर.

“कंट्रोल ग्रुप कुठाय?”

म्हणजे ज्यांनी चहा घेतला नाही, त्यांचं काय झालं?

“सर, सर्दी मला एकटीलाच झाली होती.”

“मग सिद्ध काय झालं? काही नाही!”

मी भोंदूंविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढले. तेल, ताईत, अंगारा, सगळ्यांना एकाच पानात झोडपायचं, हे माझं बाळकडू. सरांनी पूरक उपचारांवर संशोधन केलंय हे कळलं तेव्हा मी थेट भांडायलाच गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मलाच विचारलं, “तुमच्या पत्रकांनी किती माणसं सुधारली? कंट्रोल ग्रुप कुठाय?” मी चहा पिऊन परत आले.

त्यांचं संशोधन सोलापूरजवळच्या कुंभारी गावातल्या विडी वळणाऱ्या बायांवर होतं. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं, म्हणून त्यांच्या माना-खांदे कायम धरलेले. सरांनी निम्म्या बायांना औषधी तेलाच्या बाटल्या दिल्या, निम्म्यांना काहीच नाही. मात्र दर गुरुवारी प्रत्येकीजवळ बसून विचारायचं, दुखणं दहापैकी किती? शेवटी दोन्ही गटांचं दुखणं सारखंच उतरलं. सरांनी लिहिलं, गुण तेलाचा नाही, विचारण्याचा.

त्या निबंधाचा जगभरात कुणी कुणी उल्लेख केला. सर रोज अंघोळीआधी कॉम्प्युटरवर उल्लेखांचा आकडा बघत. एक वाढला की मला पेढा. “कुंभारी ब्राझीलला पोचली!” त्यातले काही उल्लेख सरांनी स्वतःच्याच पुढच्या निबंधांत केलेले होते, पण पेढा खाताना मी तो विषय काढत नसे.

अभ्यास कधीच संपला. पुढे काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या. तरी सर दर गुरुवारी कुंभारीला जातच राहिले. कुणी विचारलं तर म्हणत, “फॉलो-अप!”

मागच्या महिन्यात मीही बरोबर गेले. ‘तेलानं काही होत नाही’ असं पत्रक काढायचं होतं, त्यासाठी बायांच्या तोंडची चार वाक्यं हवी होती. नागमणीअक्कांनी हातातली विडी न थांबवता सांगितलं, “तेल लई चांगलं होतं की. आमी समद्यांनी लावलं.”

सर चमकले. “समद्यांनी? बाटल्या तर निम्म्यांनाच होत्या.”

“व्हय. पण शेजारी लक्ष्मीचा खांदा दुखतोय, आन मी एकटीच तेल चोळत बसू व्हय? वाटीनं दिलं. समद्यांनीच दिलं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुमी कवा इचारलं? तुमी इचारायचा, धापैकी किती. ते आमी सांगत हुतो.”

मला हसू आलं. सरांनी वही मिटली. कंट्रोल ग्रुप कधी नव्हताच.

परतीच्या बसमध्ये मी हळूच म्हणाले, “सर, हे कुणाला कळणार नाही.”

“मला कळलं की,” ते म्हणाले. “आणि बाई, हे तुम्ही सांगताय?”

त्यापुढे मी सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी जर्नलला पत्र लिहिलं. माझा निबंध मागे घ्या. कारण: सहभागी बायांनी तेल वाटून घेतलं. पत्र मीच टाईप केलं. त्या दिवसापासून त्यांनी आकडा बघणं सोडलं.

पुढच्या गुरुवारी ते चपला घालून जिन्यातच बसलेले दिसले.

“जायचं नाही?”

“कशाला? फॉलो-अप कशाचा आता?”

“मला त्या बायांशी काम आहे. चला.” मी खोटं बोलले.

कुंभारीत अक्कांनी सूप बाजूला सरकवलं. “उशीर केला आज. बसा. तुमचं दुखणं किती, सर?”

ज्या सहजपणे त्यांनी विचारलं, त्यावरून समजलं की हा प्रश्न नवा नव्हता. इतकी वर्षं दर गुरुवारी त्याही सरांना विचारत होत्या. वहीत तेवढं कधी आलं नाही.

“आठ,” सर म्हणाले.

लक्ष्मीनं पाणी आणून दिलं. मग बायांनी काकूंचा विषय काढला. त्यांची शेंगाचटणी, त्यांचं मोठ्यानं हसणं. सर बराच वेळ बोलत राहिले. उठताना अक्कांनी विचारलं, “आन आता?”

“पाच,” म्हणत त्यांनी चोरून माझ्याकडे पाहिलं. कंट्रोल ग्रुप कुठाय, असं मी विचारलं नाही.

ते पत्रक अर्धंच राहिलं. त्याऐवजी हे छापतेय. वाचून झालं की घडी घालून ठेवू नका. तुमच्या जिन्यात जे एकटं माणूस राहतं, त्याचं दार आज वाजवा. ‘दहापैकी किती?’ विचारा. आणि आकडा ऐकून लगेच उठू नका.