नैऋत्येची खिडकी बुजविली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, वास्तुपुरुष प्रसन्न, आणि ज्या कोणा देवाने डोंगर केला तोही जमल्यास प्रसन्न असो.

शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध पंचमीचे दिवशी राजश्री मुकुंदराव यांनी डोंगरउतारावरील दोन खोल्यांचे राज्य खरेदी केले. कारण ऐसे की, राजपत्नी कुमुदबाई यांचे हृदय दुबळे जाहले, आणि किती दिवस राहिले ते डॉक्टरांनी सांगितले नाही, फक्त आपल्या बोटांकडे पाहिले. तेव्हा राव पुसते जाहले, "अगं, काय हवं तुला?" बाई बोलल्या, "छत्तीस वर्षं समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं पाहिलं. आता एक खिडकी हवी, खाली दरी असलेली. बाकी तुमचं तुम्ही बघा." मग राव चार महिने डोंगर हिंडले, आणि सहा जोड मोजे झिजविले, आणि ही जागा हस्तगत केली. बैठकीस नैऋत्येकडे खिडकी, खिडकीखाली करवंदीच्या जाळ्या, त्याखाली दरी, दरीत ओढा, आणि सांजेस ढग ओढ्यावर पाणी प्यावयास उतरत. बाईंनी खिडकीशी खुर्ची मांडविली आणि विराजमान जाहल्या, आणि त्या दिवशी चहा निवून गेला तरी कप हाती तसाच राहिला.

ऐसे अकरा दिवस गेले. सुखाचा मजकूर इतकाच.

बाराव्या दिवशी खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडून मसलत आली की, वास्तू दाखविल्याविना नांदणे बरे नव्हे. राव पाणीपुरवठा खात्यात हयात घालविलेले, मोजल्याविना कशावर विश्वास न ठेवणारे. परंतु घरात दुखणे असले म्हणजे माणूस कोणाचेही ऐकतो. मग अंबादासशास्त्री होकायंत्र घेऊन दाखल जाहले, आणि यंत्र फरशीवर ठेविले, आणि बराच वेळ मान हलविली, आणि बोलले, "राव, नैऋत्य उघडी. तिकडेच उतार. तिकडेच पाणी. आणि बाईंना नेमकं तिथंच बसवता?"

राव बोलले, "तिलाच बसावंसं वाटतं."

"पतंगालाही दिव्यापाशीच बसावंसं वाटतं," ऐसे शास्त्री बोलले, आणि खिडकी बुजवून तेथे जड कपाट ठेवावे, म्हणजे बाईंचे आयुष्य बळावेल, ऐसा निर्णय दिला.

रावांस ते रात्रंदिवस खाऊ लागले. खिडकी ठेवावी तर बाई जाते, आणि बुजवावी तर बाईची हौस जाते. आणि हौसेवाचून माणूस जगते, ऐसा त्यांचा समज. मग इस्माईल गवंडी यास पाचारण केले. इस्माईल विटा उतरवीत बोलला, "साहेब, अख्ख्या डोंगरात लोक भिंत फोडून खिडकी मागतात. तुम्हीच पहिले."

कुमुदबाई बोलल्या, "अहो, मी या खिडकीसाठी आले इथं."

"तुझ्यासाठीच करतोय."

यावर बाईंनी खुर्ची स्वतः मागे ओढून घेतली. लढाई म्हणावी ती एवढीच जाहली. मग विटा चढल्या, आणि गिलावा जाहला, आणि कपाट आले, आणि रावांस वाईट वाटून त्यांनी घरे विकणाऱ्याने भेट दिलेले कॅलेंडर कपाटावर टांगिले. त्यावर हीच दरी छापिली होती. बाई रोज त्यासमोर बसत. एके दिवशी बोलल्या, "छान आहे हो. वारा तेवढा येत नाही." चैत्र सरला, वैशाख सरला, तरी बाईंनी कॅलेंडराचे पान उलटू दिले नाही, कारण पुढील महिन्यावर पोहण्याचा तलाव होता.

कार्तिक वद्य अष्टमीस, दोन प्रहरी, खुर्चीवरच, कुमुदबाई कैलासवासी जाहल्या.

चौदावा दिवस सरताच रावांनी इस्माईलास बोलाविले. तो कपाट सरकविता जाहला, आणि विटा काढिल्या. दरी होती तेथेच होती. हे वर्तमान कळताच शास्त्री धावत आले आणि बोलले, "राव, नैऋत्य उघडलीत? अपाय होईल."

राव बोलले, "कुणाला?"

शास्त्रींनी होकायंत्र पिशवीत ठेविले, आणि चहा न घेता गेले.

येणेप्रमाणे राज्य मिळविले, मोठ्या मायेने राखिले, आणि जिच्यासाठी मिळविले तिला भिंतीकडे पाहावयास लाविले. खुर्ची खिडकीशी आहे. राव तीवर बसत नाहीत. शेजारी फरशीवर बसतात. तेथून दरी दिसत नाही.