अर्ज उतरवून घेतला

निवृत्त झाल्यापासून हेडक्लार्कसाहेबांना घरात कोणी काम सांगत नसे. (साधं काम सांगावं, तर ते त्याचं प्रकरण करून ठेवतात, असा घरचा अनुभव.) त्यामुळे त्या सकाळी बायको चपला घालता घालता म्हणाली, "अहो, ग्रंथपालाच्या जागेचा अर्ज वेबसाइटवर आलाय, पीडीएफ आहे. आज पाचच्या आत द्यायचाय. मी येईपर्यंत तेवढा उतरवून ठेवाल?" तेव्हा साहेबांची छाती फुगली. अठरा वर्षं ती ग्रंथालयात सहायकच होती. ही जागा हुकली, तर पुढची निघेपर्यंत तीही निवृत्त झाली असती.

"तू निर्धास्त जा," साहेब म्हणाले.

पीडीएफ उघडली. सहा पानं. वर मराठीत बटण होतं: 'उतरवून घ्या'. बायको आणि कॉम्प्युटर एकच सांगताहेत म्हटल्यावर शंकेला जागाच उरली नाही. साहेबांनी कोरे कागद, पट्टी आणि दोन रंगांची पेनं काढली आणि शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यायचे, तसं उतरवायला बसले. रकाने आखले, फोटोपुरती चौकट सोडली, कोपऱ्यातलं गोल बोधचिन्ह तर वाटी उपडी ठेवून गिरवलं.

दुपारी मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचा अर्ज उतरवलात?"

"तीन पानं झाली."

"अजून तीनच? नेट स्लो आहे का?"

"नेटला काय धाड भरलीय! माझी मान अवघडलीय."

"बरं, झाला की लगेच सेव्ह करा. नाहीतर सगळं जाईल."

"जातोय कुठे? वर खलबत्ता ठेवलाय."

आवाज तुटतोय असं वाटून मुलीने फोन ठेवला.

चारला बायको आली. साहेबांनी सहा पानं तिच्यापुढे धरली. ती बघतच राहिली. (अक्षरावर भाळली, असं साहेबांना वाटलं.)

"हे काय?"

"उतरवला! काना-मात्रेचा फरक सापडला, तर सांग."

तिने कपाळावर हात मारला, कॉम्प्युटरपाशी बसली आणि ते बटण एकदा दाबलं. साहेब "अगं" म्हणेपर्यंत फाइल उतरलीसुद्धा. प्रिंटरने सहा पानं काढली, तिने भराभर भरली, सही ठोकली. साडेचार झाले होते, आणि कचेरी दोनच गल्ल्या पलीकडे.

साहेब मात्र दुखावले होते. "माझाच दिला असतास, तर काय बिघडलं असतं? अक्षर छापल्यासारखं आहे."

"शेवटच्या पानावरची तळटीप वाचा," बायको जिन्यावरून हसत ओरडली.

साहेबांनी चष्मा लावला. त्यांच्याच वळणदार अक्षरात, लाल शाईने आणि पट्टी धरून दोनदा अधोरेखित केलेलं होतं: 'हाताने उतरवून काढलेला नमुना स्वीकारला जाणार नाही.'