भोंग्यापासून कोण किती दूर

शालिकभाऊ मनवरांच्या घरी माझी जागा अंगणात, त्यांच्या स्कूटरशेजारी आहे. बाकीची मंडळी आत पंख्याखाली बसतात. मी बाहेर. आमचं भांडण नाही, अबोला नाही. माझा गुन्हा एवढाच की मी शाळामास्तर आहे, वर पुसदच्या निम्म्या समारंभांचं सूत्रसंचालन करतो, आणि निसर्गानं मला त्या दोन्ही कामांना पुरून उरेल असा आवाज दिला आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी नेहमीसारखा आत शिरायला गेलो, तर त्यांनी हात आडवा केला.

“तुमी तिकडे बसा, मास्तर. सुई उडते.”

ही सुई ग्रामोफोनची. आता गंमत बघा. शालिकभाऊंचा धंदा साउंड भाड्यानं देण्याचा. लग्न, जयंती, मिरवणूक, त्यांचे बॉक्स लागले की शेजारच्या आळीतल्या खिडक्या थरथरतात. आणि या माणसाचं प्रेम जडलंय ते रेकॉर्डिंगमध्ये माईक येण्याआधीच्या जॅझवर. फार वर्षांपूर्वी ते ॲम्प्लिफायरचे सुटे भाग आणायला नागपूरच्या जुन्या बाजारात गेले आणि चावीचा ग्रामोफोन व लाकडी खोकाभर तबकड्या घेऊन परतले. सुटे भाग राहूनच गेले.

तबकड्यांवरचे कागद वाळवीनं खाल्लेले. अमेरिकेतल्या कुठल्या वादकांनी हे वाजवलं, कळायला मार्ग नाही. मग शालिकभाऊंनीच त्यांचं बारसं केलं. कॉर्नेट फुंकणारा तो गालफुग्या मामा. क्लॅरिनेटवाली चिमणाबाई, तो पुरुष असणार, पण त्याला आता कोण विचारतंय? जाडा, घसरत्या सुराचा ट्रॉम्बोनवाला म्हणजे हेल्या. आणि दूर कुठेतरी विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा पियानो वाजवतो, तो पाण्यातला पेटीवाला. ही सगळी माणसं त्यांच्या बोलण्यात रोज येतात. “काल गालफुग्या मामा काय रंगात आलता,” असं ते म्हणाले की नवख्या माणसाला वाटतं, महागावहून पाहुणे आले असतील.

“आयका,” ते बोट वर करून सांगतात, “चारही जण एकाच टायमाले बोलून राह्यले, पण कोणी कोणाचं तोडून नाही राह्यलं. आपल्या वॉर्डाच्या सभेत एकटा बोलते अन् चौघं तोडतेत.”

त्या काळी रेकॉर्डिंग कसं होई, हे त्यांना शेजारच्या कॉलेजकन्येनं मोबाईलवर वाचून दाखवलं. माईक नाही, वीज नाही. भिंतीतून एक भलामोठा भोंगा खोलीत आलेला, त्यातून आवाज थेट सुईपर्यंत जायचा. ज्याचा आवाज मोठा, तो खोलीच्या पार मागे. ज्याचा बारीक, तो भोंग्याच्या तोंडाशी. ढोलवाल्याला बहुधा मोठा ढोल वाजवूच देत नसत. त्यानं जोरात थाप दिली की सुई उडायची. तेवढं ऐकलं आणि शालिकभाऊंनी आमची बैठक लावली.

शिंपीकाम करणारे रशीदभाई कपड्यांशी बोलल्यासारखं हळू बोलतात, त्यांना स्टूल मिळालं ग्रामोफोनपासून हातभर. शालिकभाऊंच्या जावयाला बोलताना टेबलावर थाप मारायची सवय, त्याची रवानगी ओट्यावर झाली. जावयाची! नगरसेवक मिरवणुकीचा साउंड ठरवायला आले, त्यांना फाटकातच थांबवलं. “तुमचा आवाज लय दमदार हाये साहेब, म्हणून दूर.” साहेबांना ती स्तुती वाटली. त्यांनी फाटकातूनच ऑर्डर दिली, आधीपेक्षा मोठ्यानं.

ग्रामोफोनच्या भोंग्यासमोरची गादीची खुर्ची मात्र रिकामी असायची. ती कुसुमवहिनींची, शालिकभाऊंच्या बायकोची.

वहिनी म्हणजे आवाजात माझ्या एकमेव प्रतिस्पर्धी. त्या भाजीबाजारातून नवऱ्याला हाक मारत, तेव्हा दुकानातले बंद बॉक्ससुद्धा हलत, असं रशीदभाई शपथेवर सांगत. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. उरली ती फुंकर. डॉक्टर म्हणाले, बोलत राहिलात तर थोडा परत येईल. पण त्या बोलल्या की आम्ही सगळे “काय? काय?” करायचो. वहिनी हातवाऱ्यांवर आल्या.

शालिकभाऊंनी दुकानातला भारीतला कॉलर माईक आणून त्यांच्या पदराला लावला. वहिनींनी तोंड उघडलं आणि बॉक्समधून वादळ सुटल्यासारखी फुसफुस आली. दारातली पोरं हसली. वहिनींनी माईक काढून नवऱ्याच्या हातात दिला, आणि त्या दिवसापासून माणसांत एक शब्द बोलल्या नाहीत. रविवारीसुद्धा त्या स्वयंपाकघरातच थांबायच्या. शालिकभाऊ खुर्ची पुसून ठेवायचे, तबकडी लावायचे, आणि दर रविवारी मला आणखी थोडं मागे सरकवायचे. आधी दाराशी, मग ओट्यावर, मग अंगणात. मी कुरकुर केली की म्हणायचे, “आवाज कमी करता येते का तुमाले? नाही ना? मंग सरका.”

मागल्या रविवारी वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि का कोण जाणे, खुर्चीवर टेकल्या. चिमणाबाई वाजत होती. तबकडी संपली. एरवी शालिकभाऊ लगेच ती उलटी करतात. त्या दिवशी त्यांनी सुई उचलली आणि हात तसाच धरून ठेवला. आत कोणी हललं नाही. मीही गप्प होतो, आणि हे माझ्या आयुष्यात फारसं घडलेलं नाही. फक्त पायांना काहीतरी कडकडून चावत होतं, म्हणून मी स्कूटरशेजारी मुकाट्यानं तांडव करत होतो.

दारातून मला दिसलं ते एवढंच, की वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे ओठ हलले, आणि आतली सगळी मंडळी एकदम हसली. कोणी “काय?” विचारलं नाही. कोणाला विचारावंच लागलं नाही.

रशीदभाई दारापर्यंत आले. “मास्तर, वैनी म्हणतेत, तिथं मुंगळे हायेत.”

तोवर शालिकभाऊ उठून थेट माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चेहरा असा, जणू बॉक्सची वायर तपासायला आलेत.

“तिचं बोलणं इथवर आलतं का?” त्यांनी हळूच विचारलं.

“आलं की,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “खोटं बोलून राह्यले, मास्तर. पण येईन तिचं बोलणं. इथवर बी येईन.”

मग त्यांनी आत हात करून वहिनींना पुन्हा एकदा म्हणायची खूण केली, आणि आम्ही दोघं मुंगळ्यांत उभे राहून कान देऊ लागलो.