झाडे काकांचा सायडिंग

शेजारच्या कुलूपबंद घरातून अचानक "अबे ऊठ! किती लोळशीन?" असा आवाज आला की आमच्याकडचा नवा पाहुणा हातातला चहा सांडतो. मग त्याला सांगावं लागतं की भूतबित काही नाही, ते आमचे झाडे काका आहेत. म्हणजे घरात नाहीत, गोंदियाला आहेत. कुत्र्याशी बोलून राहिले.

वामनराव झाडे मालगाडीचे गार्ड. "आता आमाले ट्रेन मॅनेजर म्हनतात," ते सांगतात, "पन मॅनेज करायले हा एकच भेटला." हा म्हणजे सायडिंग. यार्डातल्या सायडिंगवर, म्हणजे डबे उभे करायच्या बाजूच्या रुळावर सापडला म्हणून नाव सायडिंग. तेव्हा पिल्लू होता, आता बारा वर्षांचा जाडजूड म्हातारा आहे.

त्याच्यासाठी काकांनी सिविक सेंटरच्या बाजारातून एक भिंतीवर टांगायचं यंत्र आणलं. त्यात कॅमेरा, माइक, स्पीकर आणि पोटात बिस्किटं. तिकडे मोबाइलवर बटण दाबलं की इकडे बिस्किट उडतं. पहिल्या दिवशी ते उडालं आणि थेट देव्हाऱ्यात पडलं. काकांनी गोंदियाहूनच देवाची माफी मागितली, तीही स्पीकरवरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

एकदा सिलिंडरवाला आला. घराची चावी आमच्याकडे असते. माझ्या बायकोने दार उघडून दिलं आणि ती कुकरची शिटी ऐकून आमच्या घरात पळाली. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन आत शिरला, तोच भिंत गरजली, "थांब! कोन आहे तू? चपला काढ!"

त्याने चपला काढल्या. सिलिंडर ठेवला. आणि अनवाणीच पावर हाउस स्टेशनच्या दिशेने पळाला. त्या चपला अजून आमच्या ओट्यावर आहेत.

मी हथखोजला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मागच्या महिन्यात ऐन कामात काकांचा फोन आला.

"बापू, सायडिंग बिस्किटाले बी रिस्पॉन्स नाई देऊन राहिला. जाऊन पाय बरं."

"झोपला असंन काका."

"तोंड कोनीकडं आहे ते दिसत नाई गा. मले नुसती शेपूट दिसून राहिली!"

साहेबांना घरी इमर्जन्सी आहे असं सांगून मी मोटारसायकल हाणली. सायडिंग कॅमेऱ्याकडे पाठ करून आरामात पडला होता. वरून काका ओरडत होते, "डाव्या बाजूले वळ! डाव्या!" कुत्रं ढिम्म हललं नाही. मी समोर जाऊन हात हलवला, तेव्हा मात्र शेपूट आपटत उठलं.

मला शंका आली. दुसऱ्या दिवशी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे टाळ्या वाजवल्या, ताट आपटलं, आणि म्हणाले, "हा तर पार बहिरा आहे. आजचा नाही, चांगला जुना."

आता हे काकांना सांगायचं कसं? दोन दिवस मी वाक्यं जुळवत होतो. शेवटी ते घरी आले तेव्हा ओट्यावर बसून एका दमात सांगून टाकलं.

काका कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मले माहीत आहे. दोन वर्सं झाले."

"मंग त्याच्याशी बोलता कावून?"

काकांनी कुत्र्याचा कान उलटून एक गोचीड काढला.

"तुई काकू होती तवा ड्यूटी सुटली का तिले फोन करत होतो. निघालो म्हनून. ती 'हो' म्हने, आन् ठेवून दे. एवढंच. आता ती नाई. पन घरी निघालो हे कोनाले तरी सांगा लागते ना, गा?"

मीही कुत्र्याची पाठ खाजवत बसलो.

परवा सायडिंगला भाकर द्यायला गेलो होतो. तो कोपऱ्यात घोरत होता. तेवढ्यात स्पीकर खरखरला. "ड्यूटी सुटली रे. दुर्ग स्टेशनावून निघालो."

मी इकडेतिकडे पाहिलं. मग कॅमेऱ्यासमोर जाऊन, घसा साफ करून म्हणालो, "हो. या काका. चहा ठेवतो."

स्पीकर पुन्हा खरखरला.

"साखर कमी टाकजो," काका म्हणाले.