मूळ मालकाचे नाव

इमारतीच्या व्यवस्थापक मंडळाने ठराव एकमताने मंजूर केला. यापुढे प्रत्येक दिवाणखान्यात किमान एक वस्तू साठ वर्षांहून जुनी असणे बंधनकारक राहील. उर्वरित सामान नवे असल्यास मंडळाची हरकत नाही.

ठरावामागे कारण होतं. समोरच्या इमारतीतल्या एका घराचे फोटो मासिकात छापून आले होते. काचेच्या भिंतीशेजारी झिजलेलं लाकडी टेबल, स्टीलच्या दिव्याखाली तडा गेलेली आरामखुर्ची. इकडे मात्र सगळं कोरं करकरीत. जे जुनं होतं ते राहायला येतानाच प्रत्येकाने भंगारवाल्याच्या गळ्यात मारलं होतं.

तेव्हा सगळ्यांना गल्लीच्या टोकाचे मिस्त्री आठवले. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. त्यांनी जोडलेल्या सांध्यात केसही शिरत नाही, अशी ख्याती. पहिले आले ते तिसऱ्या मजल्यावरचे वकील.

"मिस्त्री, एक जुनं टेबल हवंय."

"जुनं मी करत नाही, साहेब. मी नवं करतो, ते तुमच्याकडे जुनं होतं."

"किती दिवसांत?"

"साठ वर्षं तरी धरा."

"शुक्रवारी तपासणी आहे," वकील म्हणाले.

गुरुवारी सकाळी टेबल तयार झालं आणि दुपारी मिस्त्रींनी ते साखळीने बडवायला घेतलं. बारीक ड्रिलने किड्याची भोकं पाडली, चहाच्या कपाची वर्तुळं उमटवली आणि शेवटी डोळे मिटून एक पाय अर्ध्या बोटाएवढा कापला. उभा जन्म त्यांनी टेबलं डगमगू नयेत म्हणून घालवला होता. मिस्त्रीणबाई दारात उभं राहून बघत होत्या.

"अहो, कुणाचा राग काढताय त्याच्यावर?"

"राग नाही. त्याला घरंदाज बनवतोय."

शुक्रवारी पुराणत्व पडताळणी समिती आली. अध्यक्षपदी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक होते. त्यांनी टेबल हलवून पाहिलं. "डगमगतं. उत्तम." भोकं मोजली. "समाधानकारक." मग अर्ज पुढे सरकवला. रकाना सात : मूळ मालकाचे नाव. खाली बारीक अक्षरांत सूचना होती : वडील व आजोबा ग्राह्य धरले जाणार नाहीत, ते कोणालाही असतात. किमान पणजोबा आवश्यक.

वकिलांनी पेन उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी आईला फोन लावला. आई म्हणाली, "आजोबांना विचारायचं होतंस रे. आता बारा वर्षं उशीर झाला."

"रकाना रिकामा चालत नाही," निरीक्षक म्हणाले.

वकिलांनी टेबल पोचवायला आलेल्या मिस्त्रींना कोपऱ्यात घेतलं. "मिस्त्री, एखादं जुन्या वळणाचं नाव सुचवा हो."

मिस्त्रींना जुन्या वळणाचं एकच नाव तोंडपाठ होतं. त्यांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. वकिलांनी ते झोकदार अक्षरात लिहिलं. मिस्त्री बघतच राहिले. बाबांनी आयुष्यभर लोकांची टेबलं केली, पण एकाही टेबलाशी त्यांचं नाव कधी जोडलं गेलं नव्हतं.

त्यानंतर मागणी वाढली. अकरा घरांतून अकरा टेबलं झाली. प्रत्येकाला पणजोबा हवे होते, आणि मिस्त्रींकडे वडील एकच होते.

महिन्याभराने अर्ज लावून ठेवताना निरीक्षकांच्या लक्षात आलं की अकराही ठिकाणी एकच नाव आहे. सुशिक्षित लोकांवर भलता संशय घेणं समितीला प्रशस्त वाटलं नाही. तिने सरळ निष्कर्ष काढला : ही अकरा कुटुंबं एकाच पणजोबांची पतवंडं आहेत.

इमारतीत आनंदीआनंद झाला. लिफ्टमध्ये लोक एकमेकांना काका, आत्या म्हणू लागले. हे प्रेम आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी कुणीतरी बोलून गेलं की पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पणजोबांच्या टेबलाबरोबर खुर्चीही आहे.

वकिलांनी सभा बोलावली. "खुर्ची वडिलोपार्जित आहे. तिच्यात सगळ्यांचा वाटा आहे."

"पणजोबांनी ती आमच्या आजीला हौसेने दिली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हौसेने नाही, शुद्धीवर नसताना! म्हातारा मुळात लबाड. पितही असे, असं आमच्याकडे सगळे सांगतात."

सभेत गलका उडाला. बोलणं बंद, लिफ्ट पाळीपाळीने. इमारतीला एकदाची जुन्या घराण्याची खरी कळा आली.

त्याच गलक्यात, सभेची बाकं लावायला आलेले मिस्त्री मागच्या बाकावरून उठले.

"लबाड म्हणू नका. ते माझे वडील होते."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मिस्त्री म्हणाले, "जन्मभर खुर्च्या केल्या त्यांनी, पण एकीवरही बसले नाहीत. गिऱ्हाईकाची वस्तू, म्हणायचे. जमिनीवर बसून जेवले आणि जमिनीवरच गेले. दारूचा थेंब नाही. घरासाठी एकच टेबल केलं, ते आमच्या आईसाठी."

"पुरावा?" निरीक्षकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई ते टेबल हातगाडीवर घालून घेऊन आले. पासष्ट वर्षांचं टेबल. निरीक्षकांनी ते एका हाताने हलवलं, मग दोन्ही हातांनी, मग वकिलांनाही लावून हलवलं. टेबल तसूभर डगमगलं नाही. भोकं शून्य. डाग शून्य, मिस्त्रीणबाई रोज पुसत होत्या.

समितीने निर्णय लिहून दिला : वस्तू नवीन आहे. सबब अर्जदाराचे मूळ मालकाशी नाते सिद्ध होत नाही. यापुढे सदर पणजोबांचा उल्लेख वडील म्हणून करू नये.

परतताना गाडी ढकलता ढकलता मिस्त्रीणबाई हळूच म्हणाल्या, "एक पाय थोडासा कापला असता तर?"

"बाबांच्या टेबलाचा?" मिस्त्री म्हणाले. आणि टेबलाला एक हात लावून त्यांनी गाडी पुढे ढकलली.

वकिलांना, डॉक्टरीणबाईंना हसणं सोपं आहे. हसण्याआधी आपल्या पणजोबांचं नाव तेवढं एकदा मनात घ्या. घाई नाही, सावकाश आठवा. नाहीच आठवलं, तर मिस्त्रींचं दार मात्र ठोठावू नका. त्यांच्याकडे आता वडील शिल्लक नाहीत.