मर्यादेतला बोंबील

अणुस्फोटांचे पेढे वाटून झाले त्या वर्षीच्या हिवाळ्यात नाशिक शहरापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला. बोंबील खावा की खाऊ नये.

एका सायंदैनिकात आतल्या पानावर छोटीशी बातमी आली होती. किनाऱ्यावरच्या एका अणुवीज प्रकल्पाजवळच्या समुद्रात शास्त्रज्ञांनी मासे तपासले, त्यांत किरणोत्सर्गी द्रव्यांचा अंश सापडला, आणि तो अत्यल्प आहे, अशी. पण ‘अत्यल्प आहे’ हे शब्द साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली गेले आणि अंश तेवढा उरला. दुसऱ्या दिवशी मासळी बाजारात शुकशुकाट झाला. मासेवाल्या चंद्रभागाबाईंच्या ओट्यावरचा बर्फ वितळला, पण बोंबील जागचे हलले नाहीत.

जिल्हा अन्नशुद्धता कार्यालयातले निरीक्षक गोरक्ष शिरसाठ हे चंद्रभागाबाईंचे जुने गिऱ्हाईक. दुधात पाणी आणि मिरचीत विटेचा भुगा शोधण्यात त्यांची नोकरी सुखाने चालली होती. पण घरी त्यांची बायको संध्या पोटुशी होती आणि तिला डोहाळे लागले होते ते नेमके ओल्या बोंबलांचे.

“आणू का?” गोरक्षने तिला विचारलं.

“खात्यात तुम्ही आहात,” संध्या म्हणाली. “मी कसं सांगणार?”

हे ऐकून गोरक्षला आयुष्यात प्रथमच एका सरकारी प्रश्नाचं खरं उत्तर हवंसं वाटलं. इथून पुढच्या भानगडी झाल्या त्या एवढ्यामुळेच.

त्याने ऑफिसच्या फोनवरून आधी प्रकल्पाला विचारलं. तिथल्या अधिकाऱ्याने नम्रपणे सांगितलं, की पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत त्यांचं असतं, तोंडातून बाहेर पडलं की समुद्राचं होतं. समुद्राच्या खात्याने सांगितलं, की मासा पोहत असेतो त्यांचा, जाळ्यात आला की तो अन्न होतो. अन्नाच्या वरच्या कार्यालयाने सांगितलं, की अन्न ज्या जिल्ह्यात खाल्लं जातं त्या जिल्ह्याचं. अशा रीतीने बर्फाच्या पेटीबरोबर जबाबदारीही रोज पहाटे कसारा घाट चढून नाशकात येत होती आणि चंद्रभागाबाईंच्या ओट्यावर उतरत होती.

“पण मासा चांगला आहे का?” गोरक्षने चिकाटीने विचारलं.

“मर्यादेत आहे,” वरचं कार्यालय म्हणालं.

“मर्यादा किती?”

“ती गोपनीय आहे. मासा मात्र तिच्या आत आहे.”

गोरक्षने हे आपल्या वरिष्ठांना, डॉ. महेश निकुंभ यांना जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांचं समाधान झालं. अंबडच्या एका वसाहतीतल्या लोकांचं मात्र झालं नाही, त्यांनी मोर्चा आणला, आणि मोर्चा आला की समिती नेमतात. नागरी आहार दक्षता समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी नगरसेविका उज्वलाताई आल्या. त्या जन्मापासून शाकाहारी असल्याने या विषयात निःपक्षपाती होत्या.

समितीने पहिल्याच बैठकीत शास्त्र हाताशी घेतलं. माणसाने वर्षात किती किरणोत्सर्ग पोटात घ्यावा हे ठरलेलं असतं, म्हणजे तो शहराच्या सरासरीवर काढायला हवा. नाशिक जिल्ह्यात मासे न खाणारेच जास्त. त्यांच्या वाट्याचा किरणोत्सर्ग दरवर्षी न वापरता पडून राहतो. तो मासे खाणाऱ्यांच्या खात्यात वळता केला, तर बोंबील आहे त्यापेक्षा पुष्कळ जास्त किरणोत्सर्गी झाला तरी शहर सुरक्षितच राहतं.

“आमच्या वाट्याचं दुसऱ्याने खायचं, आणि आम्हाला विचारायचंही नाही?” उज्वलाताई म्हणाल्या.

“ताई, तुम्हाला ते हवंय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“हवंय की नको हा प्रश्न नाही. आमच्या हक्काचं आहे.”

यावर दोन बैठका चालल्या. शेवटी शाकाहारी समाजाने मोठ्या मनाने आपला किरणोत्सर्ग सोडून दिला, असा ठराव झाला आणि टाळ्या पडल्या. गोरक्ष कोपऱ्यात बसून होता. संध्याने सकाळी बोंबलांचं विचारलं होतं.

“साहेब, एकदा मोजून बघितलं तर?” तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे, याने काहीतरी अश्लील म्हटलं असावं, असं बघितलं. पण बातमीदार बसलेले होते, त्यामुळे नाही म्हणता येईना. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मोजणीचं यंत्र आलं. चंद्रभागाबाई टोपलीभर बोंबील घेऊन कार्यालयात आल्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून पदराने हात पुसत उभ्या राहिल्या.

यंत्र टिक, टिक असं सावकाश वाजू लागलं. सगळे दोन पावलं मागे सरले. मग गोरक्षने बोंबील बाजूला केले. यंत्र तसंच वाजत राहिलं. खिडकीच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्याजवळ नेलं तर थोडं जास्त वाजलं. डॉक्टरांच्या टेबलाच्या खणाजवळ नेलं, तेव्हा ते कढईतल्या मोहरीसारखं तडतडलं. खणात डॉक्टरांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या काट्यांचं जुनं घड्याळ होतं.

“म्हंजी माझे बोंबील बरे, आन् सायबांचं टेबल खराब?” चंद्रभागाबाईंनी विचारलं.

नियमाप्रमाणे आता टेबल जप्त करायला हवं होतं. डॉक्टरांनी यंत्राखालची पाटी वाचली आणि म्हणाले, “हे यंत्र परदेशी बनावटीचं आहे. आपण स्फोट केल्यापासून त्यांचा आपल्यावर राग आहे.” यंत्र त्याच दिवशी कॉलेजला परत गेलं.

आता एकच मार्ग उरला होता, मान्यवरांनी लोकांसमोर मासे खाऊन दाखवण्याचा. मैदानावर मंडप पडला, फलक लागले. उज्वलाताईंनी एका दिवसापुरतं शाकाहारातून बाहेर यायचं कबूल केलं, कारण निवडणूक जवळ होती. तयारीचं काम गोरक्षकडे आलं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी त्याला आत बोलावून दार लावून घेतलं.

“मासे समुद्राचे आणू नका.”

“साहेब, समुद्राचाच मासा चांगला आहे, हे दाखवायचंय ना?”

“मग? मान्यवरांच्या जिवाशी खेळायचं का? निफाडच्या अंगाला नदीत रोहू मिळतो, तो आणा. तुकडे करा, रवा लावा, सुरमई म्हणून वाढा. रव्याखाली कोण कुठला हे कुणाला कळत नाही.”

“पण मग सिद्ध काय होणार?”

“मासा खाल्ला, हे सिद्ध होणार,” डॉक्टर म्हणाले. “तेवढंच तर म्हणतोय आपण.”

गोरक्षने मान हलवली. घरी बाळ येणार होतं आणि बदलीची ठिकाणं दूरदूरची होती. तळायला चंद्रभागाबाईंनाच बोलावलं होतं. त्यांनी एक तुकडा नाकाजवळ नेला आणि गोरक्षकडे बघितलं.

“ही सुरमय नाय. अन् ह्याला गटारीचा वास मारतोय.”

“कांदा जास्त घाला.”

“कांदा?” त्या म्हणाल्या. “लासलगावला काय भाव चाललाय, ठावं हाय का? लसूण घालते.”

मान्यवरांनी आनंदाने मासे खाल्ले, फोटो निघाले. उज्वलाताईंनी दुसरा तुकडा स्वतःहून मागून घेतला. “आपल्या समुद्राची चवच वेगळी,” त्या ध्वनिक्षेपकावर म्हणाल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत समिती रुग्णालयात होती. मान्यवरांना खाटा पुरेनात, तेव्हा दोन दोन मान्यवर एका खाटेवर ठेवले. शहरात पुन्हा घबराट पसरली आणि आता सगळं उलटणार असं गोरक्षला वाटलं. त्याला, खरं सांगायचं तर, थोडं हायसंही वाटलं.

पण डॉक्टर निकुंभ हे हाताला सलाइन असतानाही शास्त्र न सोडणारे गृहस्थ होते. त्यांनी खाटेवरूनच बातमीदारांना सांगितलं, “आम्हा सर्वांना जुलाब झाले आहेत. इतक्या थोड्या किरणोत्सर्गाने जुलाब होत नाहीत, हे जगन्मान्य आहे. त्याअर्थी माशांत किरणोत्सर्ग नव्हता.”

दुसऱ्या दिवशी हेच पहिल्या पानावर आलं, आणि या वेळी कुठलाच शब्द जाहिरातीखाली गेला नाही. दुपारपर्यंत चंद्रभागाबाईंच्या ओट्यापुढे रांग लागली. कधी मासे न खाणारेही, शहराची प्रतिष्ठा म्हणून, पाव किलो घेऊन गेले. गर्दी ओसरल्यावर त्यांनी गोरक्षला हाक मारली.

“सायेब, धंदा झाला, तुमचे उपकार. पन एक सांगा. घरी नातवंडांना घालते मी हेच. घालू ना?”

गोरक्षने तोंड उघडलं. ‘मर्यादेत आहे’ हे शब्द जिभेवर आले होते, पण त्यांच्याकडे बघून ते त्याला म्हणवेनात.

“मला माहीत नाही, मावशी,” तो म्हणाला. “कुणाला विचारायचं राहिलं असं नाही. पण माहीत नाही.”

चंद्रभागाबाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. “इतक्या दिसांत पहिलं खरं बोललं तुमचं हापिस,” त्या म्हणाल्या, आणि बर्फ फोडायला वळल्या.

त्या बोलण्याने त्याला जरा बळ आलं. समुद्राचं कळत नसेल तर नसो, पण नदीचं तर डोळ्यांसमोर घडलं होतं. तो रुग्णालयात डॉक्टरांकडे गेला.

“साहेब, रोहूने एवढी माणसं आडवी पडली. नदीचं पाणी तपासायला हवं.”

“कोणता रोहू?” डॉक्टर म्हणाले. “आपण सुरमई खाल्ली.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नदीबद्दल एखाद्या नागरिकाची तक्रार आहे का? नाही ना? मग प्रश्नच उद्भवत नाही.”

म्हणून गोरक्ष नागरिक शोधायला निघाला. त्या रात्री जेवणानंतर त्याने आपल्याच सोसायटीतल्या लोकांना घरी चहाला बोलावलं. वकील होते, प्राध्यापक होते, रोज पेपर वाचणारी, चांगली माणसं होती सगळी. सगळ्यांनी सरकारला मनापासून नावं ठेवली. तक्रार करायला सगळे एका पायावर तयार झाले.

“नदीत घाण सोडतं कोण, ते नाव घालून द्या,” वकील म्हणाले. “मोघम तक्रार टिकत नाही.”

“आपणच सोडतो,” गोरक्ष म्हणाला. “आपल्या सोसायटीची ड्रेनेजची लाइन मागच्या नाल्यात सोडलीये. नाला नदीत जातो, नदी निफाडला.”

मग प्राध्यापक म्हणाले, की आपल्या एकट्या सोसायटीचं पाणी असं असून असून किती असणार. अत्यल्पच. वकील म्हणाले, की मर्यादेतच असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि विषय बोंबलांवर गेला. आता ते चांगले आहेत ना, असं गोरक्षला सगळ्यांनी खात्याचा माणूस म्हणून आपुलकीने विचारलं.

पाहुणे गेल्यावर संध्याने कपबशा मोरीत विसळल्या. पाणी गुळगुळ आवाज करत खाली उतरलं, नाल्याला लागलं आणि सगळ्या शहराच्या पाण्याबरोबर अंधारातून निफाडकडे निघालं.